स्वयंपाकघराची दिनचर्या

घर स्वच्छ आहे की नाही हे ठरविताना आपली दृष्टी सहसा ओसरीकडे अथवा बैठकीच्या खोलीकडे जाते. तेथील चादर झटकलेली असली, पुस्तके ओळीने लावलेली असली, म्हणजे घर नीटनेटके आहे असा अभिप्राय आपण देऊन टाकतो. परंतु बैठकीच्या खोलीत धूळ साचली, तर फार झाले तर दोन शिंका येतील. स्वयंपाकघराची गोष्ट निराळी आहे. अन्न, पाणी, ऊब आणि केरकचरा ही चारही तेथे हाताच्या अंतरावर असतात, आणि तेथील अस्वच्छता प्रथम बाधते ती घरातील सर्वांत लहान मुलाला व सर्वांत वृद्ध माणसाला. म्हणून घराची परीक्षा करावयाचीच असेल तर ती दिवाणखान्यावरून करू नये. स्वयंपाकघरातील मोरी आणि तेथील फडके पाहावे.

या खोलीचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की ती दिवसातून निदान दोनदा मळते. दसरा-दिवाळीच्या सुमारास सारे घर धुऊन काढण्याची आपल्याकडे चांगली चाल आहे. पण वर्षातून एकदा केलेली झाडलोट माळ्यावरच्या हंड्यांना पुरते. ज्या ओट्यावर सकाळी भाजी चिरली त्याला संध्याकाळपर्यंतही पुरत नाही. जे रोज मळते ते रोजच स्वच्छ केले पाहिजे, आणि रोज करावयाचे काम तेव्हाच तडीस जाते जेव्हा त्याचा क्रम ठरलेला असतो.

असा क्रम आपल्या जुन्या घरांत होता. पहाटे उठल्यावर आदल्या दिवसाची राख चुलीतून काढावयाची, चूल पोतेऱ्याने सारवावयाची, पिण्याचे पाणी शिळे ठेवावयाचे नाही, घागर रोज घासावयाची, हात-पाय धुतल्यावाचून चुलीजवळ जावयाचे नाही, उष्टे व खरकटे यांचा चांगल्या अन्नाला स्पर्श होऊ द्यावयाचा नाही, जेवण होताच ती जागा पुसून घ्यावयाची. हे नियम कोणी लिहून भिंतीवर लावलेले नव्हते, तरी ते पाळले जात. त्यांतील पुष्कळ नियम आजच्या आरोग्यशास्त्रालाही मान्य होतील. परंतु जुने म्हणून सारेच डोक्यावर घेणे बरे नव्हे. सोवळ्याच्या कल्पनेत स्वच्छता आणि शिवाशीव यांची गल्लत झालेली होती. रेशमी मुकटा दररोज न धुताही पवित्र मानला जाई. उलट, नुकताच स्नान करून आलेला माणूस केवळ जातीमुळे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर थांबविला जाई. ज्या अस्पृश्यतेला १९५० साली अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेने सतराव्या कलमान्वये मूठमाती दिली, तिचा एक आधार या गल्लतीत होता. जंतूंना जात कळत नाही. त्यांना कळतो तो ओलावा, ऊब आणि चिकटून राहिलेला अन्नाचा कण. शेणाने सारवण्याचेही तसेच. त्याने मातीच्या जमिनीची धूळ बसते हे खरे. पण शेण काही जंतुनाशक नव्हे, आणि फरशी आल्यावर त्याचे प्रयोजन उरले नाही.

भांडी घासण्याच्या जुन्या रीतीत मात्र पुष्कळ शहाणपण होते. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट नावाचा क्षार असतो. तेलकट भांड्याला ओली राख लावून घासले म्हणजे हा क्षार स्निग्धांशावर काम करतो व त्यातून थोडासा साबणासारखाच पदार्थ तयार होतो. राखेचे बारीक कण खरवडण्याचे काम करतात ते वेगळेच. तांब्या-पितळेवर चढलेला काळा व हिरवट थर राखेने जात नाही. त्याला आंबट पदार्थ लागतो. चिंचेतील टार्टारिक आम्लात तो थर विरघळतो, म्हणून चिंचेचा कोळ लावताच तांब्याची घागर लखलखू लागते. पितळेच्या पातेल्यात ताक अथवा आमटी ठेवली तर तेच आम्ल धातूलाही खाते आणि पदार्थ कळकतो. यासाठी भांड्यांना आतून कल्हई करीत. भांडे तापवून त्यात नवसागर टाकावयाचा, वर कथलाचा तुकडा फिरवावयाचा आणि कापसाच्या बोळ्याने पुसत न्यावयाचे, की काळवंडलेले पातेले क्षणात चांदीसारखे दिसू लागे. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे एवढे काम रस्त्याच्या कडेला, भात्याने फुललेल्या कोळशावर सहज होत असे. पोलादी भांडी घरोघर आल्यावर कल्हईवाल्याची हाक विरळ झाली, आणि आपली एक कटकटही कमी झाली हे कबूल केले पाहिजे.

आता, स्वच्छ दिसणे आणि स्वच्छ असणे यांत अंतर का पडते, हे पाहू. व्हिएन्ना येथील रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस नावाचे डॉक्टर होते. प्रसूतीनंतर येणाऱ्या तापाने तेथे अनेक माता दगावत. शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर तसेच प्रसूतिगृहात जातात हे सेमेलवाइस यांच्या लक्षात आले आणि १८४७ साली त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घातला. मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. तरीही त्यांच्या व्यवसायबंधूंपैकी अनेकांना ते पटले नाही. आपले हात रोग पसरवितात हे ऐकणे कोणाला रुचणार? पुढे लुई पाश्चर व रॉबर्ट कॉख यांच्या संशोधनाने जंतूंचे कार्य सिद्ध झाले, तोपर्यंत सेमेलवाइस हयात नव्हते.

जंतूंची वाढ कशी होते याचा हिशेब विद्यार्थ्यांनी एकदा स्वतः मांडून पाहावा. ऊब, ओलावा व अन्न भरपूर मिळाले तर काही जंतू सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतात. एकाचे दोन, दोनांचे चार, या रीतीने एका तासात आठ होतात. रात्री दहा वाजता खरकट्या पातेल्यात एकच जंतू होता असे धरले, तर सकाळी सहा वाजता चोवीस वेळा दुप्पट होऊन त्यांची संख्या १,६७,७७,२१६ होईल. प्रत्यक्षात अन्न संपते, वातावरण बदलते, आणि वाढ इतक्या बिनबोभाट चालत नाही. तथापि रात्रभर मोरीत पडलेल्या भांड्यांत काय चालते याची कल्पना येण्यास हा हिशेब पुरेसा आहे. ‘सकाळी घासू’ या दोन शब्दांत जंतूंना आठ तासांची सवलत मिळते.

हाच न्याय उरलेल्या अन्नाला लागू आहे. साधारणपणे ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतूंची वाढ होत राहते, म्हणून शिजलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ तसेच बाहेर ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भाताच्या बाबतीत विशेष जपावे लागते. बॅसिलस सिरिअस नावाच्या जंतूचे बीजाणू भात शिजला तरी मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात आणि एक विष निर्माण करतात. हे विष भात पुन्हा गरम केल्याने नाहीसे होत नाही. यास्तव उरलेला भात परातीत पसरून लवकर निववावा व झाकून शीतपेटीत ठेवावा. शीतपेटी नसेल तर भात मुळात बेतानेच टाकावा. फोडणीच्या भाताची आवड असणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

स्वयंपाकघरातील सर्वांत घाण वस्तू कोणती, असे विचारले तर बहुतेक जण केराच्या डब्याकडे बोट दाखवितील. पण केराच्या डब्यात कोणी हात घालून तो ताटाला पुसत नाही. त्या मानाने ओट्यावरचे फडके व भांडी घासण्याची घासणी यांचा विचार करा. या वस्तू नित्य ओल्या असतात, त्यांच्या धाग्यांत अन्नाचे कण अडकलेले असतात, आणि स्वच्छ करण्याचे साधन म्हणून त्यांच्यावर कोणाचा संशय जात नाही. एकाच फडक्याने ओटा पुसावा, त्यानेच गरम पातेले उतरवावे, त्यालाच हात पुसावे आणि शेवटी त्यानेच जेवणाची ताटेही पुसून घ्यावीत, हे दृश्य कित्येक चांगल्या घरांत आढळते. असे फडके मळ काढीत नाही, तो वाटून देते. यावर उपाय अगदी स्वस्त आहे. जुन्या सुती धोतराचे अथवा पातळाचे सहा-सात तुकडे शिवून घ्यावेत. हाताचे फडके, ओट्याचे फडके व भांड्यांचे फडके ही तीन निराळी ठेवावीत. त्यांच्या काठांना निराळ्या रंगाचा दोरा घातला म्हणजे घोटाळा होत नाही. दररोज रात्री ती साबणाने धुऊन, घट्ट पिळून, पसरून वाळत घालावीत आणि आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यातून काढावीत. मोरीच्या काठावर गोळा करून टाकलेले फडके धुतलेले असूनही न धुतल्यासारखेच असते, कारण ते वाळत नाही. ऊन आणि वारा ही दोन्ही फुकट मिळतात, त्यांचा उपयोग करून घ्यावा.

रोजचा क्रम आता सहज ध्यानात येईल. स्वयंपाकास आरंभ करण्यापूर्वी हात साबणाने निदान वीस सेकंद चोळून धुवावेत. नखांखालची व अंगठ्याच्या बुडाची जागा बहुधा राहून जाते. भाजी चिरताना देठे व साली जमिनीवर न टाकता जवळच्या ताटलीत टाकाव्यात. ज्या घरांत मासे-मटण शिजते तेथे त्यासाठी निराळी सुरी व निराळी फळी ठेवावी; विळी एकच असेल तर आधी कोशिंबिरीची काकडी चिरून घ्यावी आणि मग मासे कापावेत. ओट्यावर काही सांडले तर ते ओले असतानाच पुसावे. उतू गेलेले दूध तत्काळ टिपले तर एका हाताचे काम असते. तेच शेगडीवर करपून बसले म्हणजे अर्धा तास खाते. कुशल गृहिणीचे स्वयंपाकघर स्वयंपाक चालू असतानाही आवरलेले दिसते ते यामुळेच: कढीला उकळी येईपर्यंत तिच्या हातून दोन पातेली विसळून झालेली असतात.

जेवणानंतर भांडी घासण्याचाही एक क्रम आहे. प्रथम खरकटे काढून टाकावे. मग फुलपात्री व पेले, नंतर वाट्या व ताटे, आणि शेवटी तेलकट कढया व तवे घ्यावेत. उलट्या क्रमाने गेल्यास कढईचे तेल पेल्यांना लागते व पाणी दुप्पट खर्चते. साबणाचा प्रत्येक अतिसूक्ष्म कण लांबट असतो. त्याचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे तेलाकडे. तेलाच्या थेंबाला असे असंख्य कण सर्व बाजूंनी चिकटतात आणि त्याला पाण्याबरोबर वाहून नेतात. यास थोडा अवधी व थोडे चोळणे लागते. म्हणून साबण लावून लगेच नळाखाली धरलेले भांडे तेलकटच राहते. विसळलेली भांडी पुसण्यापेक्षा पालथी घालून निथळू द्यावीत.

जेथे पाण्याचा तुटवडा आहे तेथे हे सारे कसे जमावे, अशी शंका येईल. ती रास्त आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते, आणि महाराष्ट्राच्या दुष्काळी तालुक्यांत टँकरची वाट पाहणे हा पुष्कळांच्या उन्हाळ्याचा नित्यक्रम असतो. अशा घरांतील स्त्रिया ज्या काटकसरीने भांडी स्वच्छ करतात ती शिकण्यासारखी आहे. भांडे आधी कोरड्या राखेने अथवा कोंड्याने पुसून घ्यावयाचे, म्हणजे तेल व खरकटे पाण्यावाचूनच निघते. मग एका घमेल्यात घासावयाचे, दुसऱ्यात विसळावयाचे, आणि अगदी शेवटचा हात मात्र स्वच्छ पाण्याचा. दुसऱ्या घमेल्यातील पाणी पुढच्या खेपेस पहिल्यात येते. साबण वापरलेला नसेल तर उरलेले पाणी परसातल्या अळूला अथवा केळीला घालतात. पाणी थोडे असताना ते कोठे खर्चावे हे ठरले पाहिजे. फरशी एक दिवस पुसावयाची राहिली तर चालेल, पण हात, पिण्याच्या पाण्याचे भांडे आणि ताट यांच्या वाट्याचे पाणी तोडू नये. माठात पेला बुडवून पाणी घेण्याची सवय मोडावी. लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे, म्हणजे बोटे पाण्याला लागत नाहीत.

माशा व झुरळे यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. ती आगंतुक नसून आपण बोलाविलेली पाहुणी आहेत. माशीला घट्ट अन्न खाता येत नाही. ती त्यावर आपली लाळ व पोटातील द्रव सोडते व विरघळलेला भाग शोषून घेते. त्यापूर्वी ती उकिरड्यावर बसून आलेली असते. झुरळ अन्नावाचून बरेच दिवस काढू शकते, परंतु पाणी त्याला लवकर लागते. रात्री मोरी कोरडी करून ठेवणे हा झुरळांवरचा साधा उपाय आहे, आणि त्याला पैसा लागत नाही.

आठवड्याच्या कामांत मोरीची जाळी, शेगडीखालची जागा, डब्यांची झाकणे, मिक्सरच्या भांड्याची रबरी कडी, किसणी व गाळणी यांची आठवण ठेवावी. या वस्तू रोज वापरल्या जातात आणि त्यांच्या फटी रोज राहून जातात. मोरी साफ करताना एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. ब्लीचिंग पावडर अथवा तत्सम द्रव आणि फरशी धुण्याचे आम्ल ही कधीही एकत्र करू नयेत. दोन्ही मिळून दुप्पट स्वच्छता होईल असे वाटते, पण त्यांतून क्लोरीन वायू निघतो व बंद जागेत तो जिवावर बेतू शकतो.

पावसाळ्यात स्वयंपाकघराला अधिक जपावे लागते. हवेतील दमटपणाने पापडांवर, मसाल्यांवर, भाकरीवर बुरशी चढते. वरची बुरशी खरवडून आतले खावे, असा काटकसरीचा विचार मनात येतो. शेंगदाण्यांच्या बाबतीत तो धोक्याचा आहे. इंग्लंडमध्ये १९६० साली एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अकस्मात मरण पावले. शोध घेता असे आढळले, की त्यांच्या खाद्यातील शेंगदाण्याच्या पेंडीला बुरशी आलेली होती आणि त्या बुरशीने एक विष निर्माण केले होते. त्याला अफ्लाटॉक्सिन असे नाव मिळाले. ते यकृताला अपायकारक असून नेहमीच्या भाजण्या-शिजविण्याने पुरते नष्ट होत नाही. खवट अथवा काळपट दाणे म्हणूनच निवडून टाकावेत. कूट केल्यावर ते ओळखू येत नाहीत. चैत्र-वैशाखात धान्य, डाळी व मसाले कडक उन्हात वाळवून हवाबंद डब्यांत भरण्याची आपल्याकडील रीत या दृष्टीने फार उपयोगी आहे.

इतका वेळ आपण कामांची गणना केली. ती करणार कोण, हे बोललो नाही. बहुतेक घरांत त्याचे उत्तर ठरलेले असते, आणि ठरलेले असल्यामुळेच ते कोणी विचारीत नाही. सर्वांना वाढून आई शेवटी जेवते. तिचे जेवण होते तोपर्यंत बाकीची मंडळी हात धुऊन उठून गेलेली असतात, आणि भांड्यांचा ढीग तिच्यासाठी थांबलेला असतो. दमलेल्या माणसाच्या हातून फडके उकळण्याचे राहते, मोरी ओलीच राहते, ‘सकाळी घासू’ असे त्याला म्हणावे लागते. तिला आळशी म्हणण्याचा अधिकार ताट तसेच टाकून उठलेल्याला नाही. चार माणसांच्या घरात ही कामे वाटून घेतली तर प्रत्येकाच्या वाट्याला रात्रीची दहा-पंधरा मिनिटे येतात. ज्याने जेवले त्याने आपले ताट खरकटे काढून विसळावे. एकाने उरलेले अन्न निववून झाकावे. एकाने ओटा पुसून मोरी कोरडी करावी. एकाने माठ धुऊन भरावा. आठवीतल्या मुलाला हे सारे येते, आणि मुलगा आहे की मुलगी, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. ओला व सुका कचरा निरनिराळ्या डब्यांत टाकण्याचे काम तर घरातील सर्वांत धाकट्यालाही सांगता येईल. दिवा मालविण्यापूर्वी तीन फडकी दोरीवर पसरलेली आहेत की नाहीत, एवढे ज्याची पाळी असेल त्याने पाहून घ्यावे.